विकलेली पेन्शन आणि परत मिळालेली पेन्शन

लष्करी अधिकाऱ्यानं पेन्शनचा काही भाग सरकारला कायमचा देऊन त्याबदल्यात एकरकमी पैसा घेतला, की पुण्यात लोक म्हणतात, ‘साहेबांनी पेन्शन विकली.’ सरकारी मराठीत याला अंशराशीकरण म्हणतात आणि आमच्या ऑफिसात सगळे कम्युटेशन म्हणत. माझी सगळी नोकरी पुण्याला गोळीबार मैदानाच्या सीडीए (ऑफिसर्स) कचेरीत झाली. भारतीय लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब तिथं राहतो. सियाचीनला असलेला कॅप्टन असो की चेन्नईतला ब्रिगेडियर, त्याचं खातं पुण्यात. निवृत्ती जवळ आली की त्याची कागदपत्रं आमच्याकडून तयार होऊन अलाहाबादच्या पेन्शन कचेरीला जात, आणि त्या कागदांत एक रकाना असे: पेन्शनचा किती हिस्सा विकणार?

त्या रकान्यात भरलेला आकडा पुढं त्या घराचं काय करतो, हे मी टेबलामागून बरीच वर्षं पाहिलं. आता मी मुलाकडे कुवेतला, अर्दियात राहते. फरवानिया भागातली ही कुवेती कुटुंबांची वस्ती. दोन-तीन मजली घरं, एका बाजूला वर्कशॉप आणि गोदामांचा भाग, आणि ब्लॉकच्या मधोमध जमिया, म्हणजे सहकारी भांडार. आमचे घरमालक कुवेती लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. मी कुठं नोकरी केली ते मुलानं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की तुमच्याकडे अधिकारी पेन्शन देऊन रोख घेतात का, आणि घेतली तर ती कापली जाणारी रक्कम कधी थांबते? त्यांनी स्वतः पेन्शनचा हिस्सा देऊन पैसे घेतले होते. आम्ही राहतो तो मजला त्या पैशातून चढला.

कुवेतमध्ये ही सोय तशी अलीकडची. सामाजिक विम्याचा कायदा १९७६ चा आणि लष्करी माणसांच्या पेन्शनचा वेगळा कायदा १९८० चा.   पण पेन्शनच्या बदल्यात रोख घेतली की जी कापणी होते, ती न्याय्य परतफेड आहे की व्याज, यावर इथल्या मजलिसमध्येही, म्हणजे संसदेतही, जोरात वाद झाले. व्याज निषिद्ध मानणाऱ्या समाजात तो प्रश्न जास्त टोकदार होतो. तरी मूळ प्रश्न तोच, ज्यावर आपल्याकडे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: विकलेला हिस्सा कायमचा गेला, की कधीतरी परत यायला हवा?

याचं उत्तर लोकांना आज सोपं वाटतं, कारण ते मिळालेलं आहे. ते मिळायला किती काळ गेला आणि त्याआधी किती माणसं पोळली, ते सांगावं म्हणून हा लेख.

हा व्यवहार सरकारनं पूर्वी मोठ्या प्रमाणावर केला तो इंग्लंडमध्ये, आणि तो वाईट रीतीनं केला. नेपोलियनशी झालेली युद्धं संपल्यावर ब्रिटिश सरकारच्या डोक्यावर पेन्शनर सैनिकांचा मोठा खर्च बसला. १८३० पासून सरकारनं चेल्सी इस्पितळाच्या यादीवरच्या पेन्शनरांना सांगितलं, की चार वर्षांच्या पेन्शनइतकी रक्कम एकदम घ्या, वसाहतीत जा, जमीन घ्या आणि पेन्शनवरचा हक्क सोडा. सुमारे चार हजार माणसं या आमिषानं निघाली, त्यातली पुष्कळशी कॅनडाला. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला चार वर्षांची किंमत! आमच्या कचेरीत असा दर कुणी नुसता सुचवला असता तरी फाइल परत आली असती. हातात आलेले पैसे दारूत, फसवणुकीत, पहिल्याच हिवाळ्यात संपले. जंगल तोडून शेती करायची ताकद पुष्कळांत नव्हती, कारण त्यांतले बरेचसे जखमी आणि अपंग म्हणूनच पेन्शनवर गेले होते. १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात ॲना जेमिसन या लेखिकेनं त्यांचे हाल लिहून ठेवले आहेत. शेवटी वसाहतीतल्या सरकारलाच त्यांच्या जेवणाखाण्याची तजवीज करावी लागली. तिजोरीनं खर्च वाचवला तो दुसऱ्या तिजोरीवर पडला, आणि मधल्या मध्ये माणसं मेली.

अधिकाऱ्यांचं चित्र थोडं वेगळं होतं, पण फार नव्हे. त्या काळी ब्रिटिश अधिकारी निवृत्त न होता ‘अर्ध्या पगारावर’ जात, आणि आपलं कमिशन विकून एकरकमी पैसा घेऊ शकत. लेफ्टनंट डनबर मूडी हे त्यातलं एक उदाहरण. १८१४ मध्ये हॉलंडमधल्या बर्गन-ऑप-झूमच्या हल्ल्यात त्याच्या मनगटाला गोळी लागली आणि तो अर्ध्या पगारावर आला. १८३२ मध्ये बायको सुझॅना आणि लहान मुलीला घेऊन तो कॅनडाला गेला. तिथं अर्ध्या पगारावरच्या अधिकाऱ्यांबद्दलची सरकारी बातमी वर्तमानपत्रात वाचून त्यानं कमिशन विकलं, आणि आलेला पैसा कोबर्गच्या एका आगबोट कंपनीच्या शेअरमध्ये घातला. शेअर बुडीत निघाले. दर वर्षी ठरलेल्या वेळी येणारी, थोडी का होईना पण खात्रीची रक्कम गेली, आणि जंगलातल्या लाकडी घरात पुढची वर्षं उधारीवर काढावी लागली. सुझॅना मूडीनं हे सगळं पुढं १८५२ साली पुस्तकात लिहिलं. नवऱ्याला तिनं दोष दिला नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की घर कुणी सावरलं.

मला हे प्रकरण फार जवळचं वाटतं. आमच्या कचेरीत येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बायका हेच विचारायच्या. ‘पैसे कुठं घालणार आहेत ते मला सांगत नाहीत, तुम्हाला सांगितलं का?’ आम्हाला अर्थातच सांगितलेलं नसे. त्यांना मी एवढंच सांगायची, की साहेबांनी पेन्शन विकली तरी तुमच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही, ते पूर्ण पगारावर ठरतं. पुष्कळ जणींना हे पहिल्यांदाच कळत असे आणि खुर्चीत ताठ बसलेली बाई थोडी मागं टेकायची.

आपल्याकडे मराठेशाहीत लढाईत मेलेल्या शिलेदाराच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे. म्हातारपणीची सोय म्हणजे नेमणूक, इनाम किंवा सरंजाम. ही बहुतेक जमिनीच्या उत्पन्नावरची असल्यामुळं तिचा एकरकमी भाव काढायची वेळच फारशी येत नसे. आयुष्यभराच्या रोख पेन्शनचा सगळ्यांत मोठा करार मराठी इतिहासात झाला तो १८१८ च्या जूनमध्ये, दुसऱ्या बाजीरावाचा. सर जॉन माल्कमनं वर्षाला आठ लाख रुपये कबूल केले. रक्कम फार झाली म्हणून माल्कमवर टीका झाली. बाजीराव तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि तो ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगला. ईस्ट इंडिया कंपनीनं अडीच कोटींहून जास्त रुपये मोजले. आजच्या भारत सरकारच्या पेन्शन विक्रीच्या कोष्टकात त्या वयाच्या माणसाच्या पेन्शनची किंमत वर्षाच्या रकमेच्या नऊपट धरतात. म्हणजे बाजीरावानं १८१८ मध्ये सगळी पेन्शन एकदम विकली असती तर बहात्तर लाखांत मामला मिटला असता. तो मेला आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं त्याच्या दत्तक मुलाला, नानासाहेबांना, पेन्शन नाकारली, ती व्यक्तीपुरतीच होती असं सांगून. त्या नकाराचे परिणाम १८५७ ला कानपुरात दिसले.

हे मी इथं सांगते ते एवढ्यासाठी, की पेन्शन हा आयुष्याच्या लांबीवरचा करार असतो हे मराठी माणसानं फार आधी अनुभवलेलं आहे. जगलात तर देणारा तोट्यात, मेलात तर घेणारा. एकरकमी पैसा घेतला म्हणजे ती जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची आणि त्याची किंमत द्यायची. प्रश्न फक्त किमतीचा आणि मुदतीचा असतो.

कंपनीच्या फौजेत तर अधिकाऱ्यांनी हा बाजार आपापसांत मांडला होता. राणीच्या फौजेसारखं कमिशन विकत घ्यायची पद्धत कंपनीकडे नव्हती, बढती रेजिमेंटमधल्या ज्येष्ठतेनं मिळे. वरचा म्हातारा मेजर हलत नाही तोवर खालचे सगळे जागच्या जागी. मग खालचे कॅप्टन आणि लेफ्टनंट वर्गणी काढत, ज्याची जागा जितकी पुढं सरकणार तितकी त्याची वर्गणी जास्त, आणि ती थैली मेजरसाहेबांना देऊन म्हणत, आता पेन्शन घ्या आणि घरी जा. मुंबई, मद्रास, बंगाल, तिन्ही इलाख्यांत हे चाले. १८६१ नंतर जुनी रेजिमेंटं मोडून स्टाफ कोअर आली, तेव्हा ज्यांनी थैल्या भरल्या होत्या पण ज्यांची स्वतःची थैली मिळायची राहिली होती ते अधिकारी भरपाई मागत वर्षानुवर्षं भांडले.

या सगळ्याला शिस्त लागली ती १८७१ साली. पेन्शनच्या इतिहासात इतकं महत्त्वाचं दुसरं वर्ष मला सापडत नाही. त्या वर्षी इंग्लंडमध्ये कमिशनची खरेदी-विक्री बंद झाली, पेन्शन विकण्याबद्दलचा कायदा नव्यानं झाला, आणि हिंदुस्थानात पेन्शन कायदा आला, १८७१ चा तेविसावा. त्या कायद्याचं दहावं, अकरावं आणि बारावं कलम एकापुढं एक वाचावं. दहावं म्हणतं, पेन्शनरची संमती असेल तर सरकार सगळी पेन्शन किंवा तिचा भाग एकरकमी पैशात बदलू शकतं. अकरावं म्हणतं, सावकाराला पेन्शनवर जप्ती आणता येणार नाही. बारावं म्हणतं, पुढं मिळायच्या पेन्शनवर आज लिहून दिलेला कुठलाही करार फोल. म्हणजे पेन्शन विकायची तर फक्त सरकारला, दुसऱ्या कुणाला नाही. चारच वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि दख्खनचे दंगे पेटले. जमीन गहाण टाकता येत होती म्हणून गेली, पेन्शन गहाण टाकता येत नव्हती म्हणून राहिली. सातारा-सांगलीच्या गावांत पेन्शनर सुभेदाराचं घर पिढ्यान्‌पिढ्या उभं दिसतं, त्यात त्या बाराव्या कलमाचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तो सुभेदार इथून, कुवेतपासून, फार लांब लढला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नोव्हेंबरात, सहाव्या पुणे डिव्हिजनचे पहिले जवान फाओला उतरले, त्यांत ११७ वी मराठा पलटण होती. इराकमधलं फाओ कुवेतच्या सीमेजवळच, बसरा त्याच्या थोडं वर. कूत-अल-अमाराला २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा मराठा पलटणींतले पुष्कळ जण कैदेत गेले. परत आलेल्यांची पेन्शन अगदी बेताची होती आणि तिच्यातून विकण्यासारखं काही उरतच नसे. पेन्शन विकणं त्या काळात अधिकाऱ्याला परवडे, शिपायाला नाही.

स्वातंत्र्यानंतर लष्कराचे पेन्शन नियम १९६१ च्या पुस्तकात एकत्र झाले आणि आमच्या टेबलावर ते पुस्तक कायम असे. कोष्टकाची गोष्ट मी नव्या मुलामुलींना शिकवायची ती अशी: अधिकाऱ्याचं पुढच्या वाढदिवसाचं वय बघा, त्यापुढचा आकडा घ्या, विकलेल्या मासिक रकमेला बारानं गुणा, मग त्या आकड्यानं. १९७१ पासूनच्या जुन्या कोष्टकात ५५ वयाला ११.७३ होतं आणि ६१ ला ९.८१. वय वाढेल तसा भाव उतरतो. हे कोष्टक पावणेपाच टक्के व्याजानं बांधलेलं होतं.

त्याआधी मेडिकल बोर्ड. आजही निवृत्तीनंतर फार उशिरा अर्ज केला तर बोर्डापुढं जावं लागतं. डॉक्टरांना रक्तदाब, हृदय, जुनी जखम, काही खटकलं तर ते वयात वर्षं वाढवत. कागदावर ५० चा माणूस ५३ चा धरला जाई, आणि त्याच पेन्शनची किंमत कमी येई. एक कर्नल मला आठवतात. पासष्टच्या लढाईत पायात छर्रे गेलेले. बोर्डानं त्यांच्या वयात भर घातली होती. ते पत्र घेऊन काउंटरवर उभे होते आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, हे वय मला शत्रूनं दिलंय, आणि त्याचे पैसे माझेच कापले जाताहेत.’ नियमात बसत नव्हतं म्हणून मी काही करू शकले नाही. पण ते वाक्य बरोबर होतं. सैनिकाचं शरीर लवकर झिजतं ते नोकरीमुळं, आणि कोष्टक ती झीज त्याच्याच खात्यात मांडतं.

पैसा बहुतेकांचा घरात गेला. अधिकारी पन्नाशीच्या आसपास बाहेर पडे, तोवर आयुष्य क्वार्टरमध्ये गेलेलं, स्वतःचं छप्पर नाही, मुलं कॉलेजात. फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून आलेली रक्कम, या तिन्हींवर वानवडी, कोंढवा, फातिमानगर, घोरपडीच्या बाजूची घरं उभी राहिली. १९७८ मध्ये लष्कराची गृहनिर्माण संस्था निघाली, साळुंके विहारसारख्या वसाहती झाल्या. पुणे निवृत्त अधिकाऱ्यांचं शहर झालं ते हवेमुळं, असं सांगतात. हवा आहेच, पण त्या घरांच्या पायात कम्युटेशनचा पैसा आहे, आणि तो मी मोजून पाठवलेला आहे. विकायलाच नको होती असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणून पटत नाही. छप्पर ही गरज पंधरा वर्षं थांबत नाही.

खरं दुखणं दुसरं होतं. विकलेला हिस्सा कधीच परत येत नसे. १९६० च्या दशकात निम्म्याच्या आसपास पेन्शन विकलेला मेजर ऐंशीच्या दशकातही उरलेलीच घेत होता. सरकारनं दिलेली रक्कम केव्हाच वसूल होऊन गेली होती, आणि कापणी चालू. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळे, तेवढाच आधार. पंच्याहत्तरी गाठलेले अधिकारी येत, खिशातून घडी घातलेला कागद काढत, त्यावर स्वतः केलेला हिशेब असे: इतके घेतले, इतके कापले गेले, आता तरी थांबवा. आम्ही नियम दाखवायचो. दुसरं काही हातात नव्हतं.

हे बदललं ते एच. डी. शौरी यांच्यामुळं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या या माणसानं १९८० मध्ये दिल्लीत ‘कॉमन कॉज’ ही संस्था काढली. १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटल्याचा निकाल पेन्शनरांना पाठ असतो. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीचा हक्क आहे, हे तिथं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. त्या खटल्यातही कॉमन कॉज अर्जदार होती, आणि तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. मग शौरींनी पेन्शन विकलेल्यांचा प्रश्न घेतला. ९ डिसेंबर १९८६ ला निकाल लागला.

तो निकाल लहान आहे, आणि त्यातला हिशेब आमच्या टेबलावरच्या हिशेबासारखाच सरळ आहे. विकलेली रक्कम साधारण बारा वर्षांत वसूल होते हे न्यायालयानं धरलं. पण विकणाऱ्याला दोन फायदे मिळाले हेही मोजलं: पैसा एकदम हातात आला, आणि तो लवकर वारला तर उरलेली कापणी त्याच्या घरच्यांच्या मानेवर पडत नाही. या दोन्हींची किंमत धरून पंधरा वर्षं ठरली. पंधरा वर्षांनी विकलेला हिस्सा परत. सरकारचं म्हणणं वेगळं होतं. सत्तर वर्षं वय किंवा पंधरा वर्षं, जे नंतर येईल ते. चाळिशी-पन्नाशीत निवृत्त होणाऱ्या लष्करी माणसाला हे फार जाचक ठरलं असतं, पंचेचाळिशीला विकली तर पंचवीस वर्षं कापणी. न्यायालयानं सत्तरीची अट काढली आणि लष्करी माणसांनाही पंधराच वर्षं दिली, १ एप्रिल १९८५ पासून.

त्यानंतरचे महिने मी विसरणार नाही. पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेल्या माणसांचे अर्ज यायला लागले. जुनी खाती शोधायची, किती साली किती विकली ते पडताळायचं. कागद पिवळे पडलेले, शाई उडालेली, कुठं युनिटचं नाव बदललेलं, कुठं अधिकाऱ्याचा नंबर चुकलेला. आयआरएलएच्या, म्हणजे प्रत्येक अधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्याच्या, जाड पत्रकांवर आकडे हातानं लिहिलेले असत, आणि कुणाचं अक्षर कुणाचं ते आम्ही ओळखायचो. कुणी जिवंत होतं, कुणी नव्हतं. ज्यांना हिस्सा परत सुरू झाला त्यांतल्या एका वृद्ध मेजरांनी कचेरीला पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावर फक्त ‘पोचली’ एवढंच लिहिलेलं.

पुढं टक्केवारी बदलत गेली. पाचव्या वेतन आयोगानंतर अधिकाऱ्यांना ४३ टक्के आणि जवान-सुभेदारांना ४५ टक्के विकता येई, मुलकी नोकरांना ४०. सहाव्या वेतन आयोगानंतर लष्करात सगळ्यांना ५० टक्के झाले, पण त्याच वेळी कोष्टक नवं आलं, आठ टक्के व्याजाचं. ५५ वयाचा आकडा ११.७३ वरून ८.६२७ वर उतरला. लोकांनी वाढलेली टक्केवारी पाहिली, उतरलेला आकडा पाहिला नाही.

हिशेब सोपा आहे. महिन्याला दहा हजार रुपये विकले, पुढच्या वाढदिवसाला वय ५५. हातात येतात १०,३५,२४०. पंधरा वर्षांत कापले जातात अठरा लाख. आठ टक्क्यांनी कर्ज फेडल्यासारखं मांडलं तर ही रक्कम पावणेपंधरा वर्षांत फिटते, म्हणजे पंधरा वर्षं जवळजवळ बरोबर बसतात. पण व्याज सहा टक्के धरलं तर बारा वर्षांच्या आसपासच फिटते. बँकांचे दर उतरल्यापासून पेन्शनर म्हणताहेत की मुदत बारा करा, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पाचव्या वेतन आयोगानंही बारा वर्षांची शिफारस केली होती, ती सरकारनं मानली नाही. केरळ आपल्या कर्मचाऱ्यांना बारा वर्षांनी परत देतं. दुसरीकडे २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं पंजाबच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या अशा याचिका फेटाळल्या. माझं मत: कोष्टकातलं व्याज आणि परतीची मुदत या दोन गोष्टी एकत्र बदलायला हव्यात. एक गोठवायची आणि दुसरी हलवायची, हे शौरींच्या निकालातल्या हिशेबाला धरून नाही.

घरमालकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पंधरा वर्षांवर दोनदा विचारलं, खरंच थांबते का, आणि कुणी ठरवलं. मुलानं अरबीत न्यायालय म्हटलं. ते म्हणाले, मग तुमच्या माणसांनी चांगलं भांडण केलं. त्यांच्या बायकोनं मधेच विचारलं, तो मेला तर बायकोचं काय? मी सांगितलं, तिची पेन्शन कापत नाहीत. तिनं मान हलवली आणि कॉफीचा दुसरा फिंजान पुढं केला.

याच आठवड्यात पुतण्याचा फोन होता. लेफ्टनंट कर्नल आहे, ५४ पूर्ण होऊन पुढच्या वर्षी बाहेर पडतोय. ‘काकू, विकू का नको?’ मी त्याला विचारलं, घराचं कर्ज किती टक्क्यांनी आहे? साडेआठनं. मग कर्जाएवढं वीक, त्याहून जास्त विकू नकोस, कारण कोष्टक आठ टक्क्यांचं आहे आणि तू त्या पैशाचं घरी बसून आठ टक्के कमावणार नाहीस. विकलेल्या रकमेवर आयकर नाही, तेवढं लक्षात ठेव. आणि ज्या तारखेपासून पेन्शन कापायला सुरुवात होईल ती तारीख बायकोच्या डायरीत लिही, निवृत्तीची नव्हे. पंधरा वर्षं तिथून मोजतात. लष्करी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर हिस्सा आपोआप परत सुरू होईल असं तुला सांगतील. झालंच तर उत्तम. नाही झालं, तर सोळाव्या वर्षीचा पहिला अर्ज कोणत्या कागदांसह करायचा तो मी आजच लिहून पाठवते, तू पीपीओबरोबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाबरोबर, ठेव.

‘काकू, तेव्हा मी सत्तरीचा असेन,’ तो म्हणाला.

म्हणून तर डायरी बायकोची, मी सांगितलं, आणि अर्जाचा मसुदा लिहायला बसले.